माडीवरची खिडकी

तुमच्या ऑफिसात दोन मॉनिटर असतील तर ते शेजारी शेजारीच असणार, पैज लावते. डावीकडे मेल, उजवीकडे एक्सेल, मधोमध कॉफीचा मग आणि मगावर कंपनीचा लोगो. आयटीवाला मुलगा येतो, दोन वायरी खोचतो, ‘झालं मॅडम’ म्हणतो आणि जातो. माझ्याकडेही दोन स्क्रीन आहेत. फक्त त्या एकीच्या डोक्यावर एक अशा आहेत, कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो, घर बीडला आहे, आणि आयटीवाला मुलगा म्हणजे मीच.

तर झालं असं की, गेल्या वर्षी अप्पांना पॅरालिसिसचा झटका आला. हलकासाच, असं डॉक्टर म्हणाले. ‘हलकासा’ हा शब्द डॉक्टर आणि घरचे वेगवेगळ्या अर्थानं वापरतात हे मला तेव्हा कळलं. पुण्यातली कॉट-बेसिसवरची जागा सोडली, दोन बॅगा आणि एक लॅपटॉप घेऊन एसटीत बसले. पंधरा दिवसांसाठी म्हणून आले होते, ते अजून इथेच आहे. फ्रीलान्सर असण्याचा एक फायदा सगळे सांगतात, कुठूनही काम करता येतं. तोटा कुणी सांगत नाही. कुठूनही काम करता येतं म्हटल्यावर ‘मला नाही जमणार यायला’ असं घरी सांगायची सोयच उरत नाही.

आणि एक कबुली. मी बीडला आलेय हे मी ज्यांच्यासाठी काम करते त्यांना सांगितलंच नव्हतं. कोथरूडमध्ये असल्यासारखीच मेल टाकत होते. ‘बीड’ म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी बातम्यांमधले मथळे येतात, मग नेटवर्क असेल का हा प्रश्न येतो, आणि मग काम दुसऱ्याला जातं. असा माझा समज. खरा होता की खोटा, ते पुढे.

आता टेबलाकडे वळू. अप्पांची खोली हीच माझी कामाची खोली, कारण रात्री कुणीतरी जवळ हवं. भिंत आणि लोखंडी कपाट यांच्यामध्ये अडीच फुटांचं टेबल. अप्पा शाळेत होते, त्याच टेबलावर त्यांनी तीस वर्षं पेपर तपासले. त्यावर लॅपटॉप मावतो, चहाचा कप मावतो, दुसरा मॉनिटर शेजारी मावत नाही म्हणजे नाही. पण टेबलाच्या वर भिंतीत एक कोनाडा आहे. पूर्वी तिथे रेडिओ असायचा. मी उंची मोजली आणि डोक्यात बल्ब पेटला. शेजारी नाही तर नाही, वर!

(फिजिओथेरपीवाले ताई-दादा सांगतात तेच इथे लागू पडतं. स्क्रीनची वरची कड साधारण डोळ्यांच्या रेषेत हवी. लॅपटॉपवर तासन्‌तास मान घालून बसणं म्हणजे मानेला शिक्षा. त्यामुळे वरचा मॉनिटर मुख्य आणि खालचा लॅपटॉप मदतनीस, ही मांडणी दिसायला विचित्र असली तरी मानेला मानवते. कोनाडा फार उंच असेल तर मात्र हा नाद सोडा.)

मॉनिटर आला दादाकडून. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ. २००६च्या आसपास बीडमध्ये सुभाष रोडजवळ त्याचं सायबर कॅफे होतं. सहा मशीन, एक जनरेटर आणि प्लायवूडचे कप्पे. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत नेटपेक्षा जास्त पैसे डिझेलला जायचे, असं तो अजूनही सांगतो. त्यानं कॅफेत लिनक्स घातलं होतं, कारण उबुंटूची सीडी त्या काळी परदेशातून पोस्टानं चक्क फुकट घरपोच यायची. २०११ मध्ये ती योजना बंद झाली. कॅफे त्याच्याही आधी बंद झालं होतं. उरला तो १९ इंची एलसीडी मॉनिटर, चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलेला. पाठीमागे निळा, पंधरा पिनांचा व्हीजीए सॉकेट. माझ्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय. मध्ये घालायला एक कन्व्हर्टर ऑनलाइन मागवला.

लावलं. दिसलं. पण कसं? सगळं फुगलेलं, धूसर, आरशात वाफ धरावी तसं. सेटिंगमध्ये बघितलं तर १०२४ बाय ७६८. मॉनिटरच्या अंगात १४४० बाय ९०० ठिपके आहेत, पण यादीत तो आकडाच नाही. दादाला फोन केला. तो आता छत्रपती संभाजीनगरला नोकरी करतो.

“वायरीतल्या बारक्या पिना तुटल्या असतील,” तो म्हणाला. “मॉनिटर स्वतःची ओळख सांगतो की नाही, ती पोचत नाही.”

हा फंडा मला फार आवडला. प्रत्येक मॉनिटरच्या पोटात १२८ बाइटचं एक ओळखपत्र असतं. मी कोण, मला किती ठिपके झेपतात, वगैरे. १९९४ पासूनची पद्धत आहे. व्हीजीए वायरीत त्यासाठी वेगळ्या पिना असतात, आणि स्वस्तातल्या किंवा जुन्या वायरीत नेमक्या त्याच दगा देतात. चित्र पोचतं, ओळख पोचत नाही. मग कॉम्प्युटर सावधपणे सगळ्यात सोसेल असा आकडा लावतो. म्हणजे बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्याला काय चालतं माहीत नसलं की आपण वरणभात वाढतो, तसं.

उपाय आहे. आपण मॉनिटरच्या वतीनं ओळख सांगायची. लिनक्समध्ये टर्मिनल नावाची काळी खिडकी असते. तिच्यात ‘सीव्हीटी १४४० ९०० ६०’ एवढं लिहिलं की आकड्यांची एक लांबलचक ओळ बाहेर पडते. तिच्यात पहिला आकडा १०६.५०, आणि पुढे १४४०पासून १९०४पर्यंत, ९००पासून ९३४पर्यंत. मी विचारलं, मॉनिटर १४४० बाय ९०० आहे तर हे १९०४ आणि ९३४ आले कुठून?

दादानं जे सांगितलं त्यानं माझी ती संध्याकाळ वसूल झाली. जुन्या, पेटीसारख्या मॉनिटरमध्ये किरण एक ओळ रंगवत डावीकडून उजवीकडे जायचा, आणि पुन्हा डावीकडे यायला त्याला वेळ लागायचा. तेवढी मोकळी जागा प्रत्येक ओळीच्या हिशेबात धरावी लागायची. अगदी शेतात तास संपला की औत वळवायला बांधाकडे जागा सोडतात तशी. किरण गेला, पेटी गेली, सपाट स्क्रीन आली, पण हिशेबात बांधाची जागा अजून आहे! १९०४ गुणिले ९३४, आणि हे सेकंदाला जवळपास साठ वेळा. म्हणजे साडेदहा कोटींच्या वर. तोच तो १०६.५०, मेगाहर्ट्झमध्ये.

ती ओळ ‘एक्सरँडआर’ नावाच्या कमांडला दिली. ‘न्यूमोड’ म्हणून नोंदवली, ‘अ‍ॅडमोड’ म्हणून एचडीएमआयला जोडली, आणि लागू केली. क्षणभर काळोख... आणि मग सगळं लख्ख! अप्पा पलंगावरून म्हणाले, “चष्मा पुसला का कुणी?” त्यांच्या बोलण्यात तेव्हा अजून अडखळ होती. तरी विनोद वेळेवर आला.

पुढचा प्रश्न मजल्यांचा. कॉम्प्युटरला कोनाडा दिसत नाही. त्याच्या दृष्टीनं दोन्ही स्क्रीन शेजारी शेजारीच होत्या. त्यामुळे माउस वर नेला की वर जायचाच नाही. उजवीकडे नेला की वरच्या स्क्रीनवर उगवायचा. दोन दिवस मी तसंच काम केलं आणि माझ्या डोक्याचं दही झालं. पुण्याला जायला निघावं आणि परळीत उतरावं, असं दर मिनिटाला.

तुमच्याकडे लिनक्स असेल तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये दोन चौकोन दिसतात. एक ओढून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचा, ‘अप्लाय’ म्हणायचं, बस्स. चुकलात तरी काही सेकंदांत जुनी मांडणी आपोआप परत येते, त्यामुळे घाबरायचं काम नाही. उबुंटूसारख्या नव्या प्रकारात वेलँड नावाची पद्धत असते. तिथे ‘एक्सरँडआर’ला कुणी विचारत नाही, तिथे हा चौकोनांचाच रस्ता धरायचा. माझं मिंट जुन्या एक्स पद्धतीवर चालतं, म्हणून मला दोन्ही रस्ते खुले. दादाच्या कॅफेच्या काळी तर हे सगळं एका मजकुराच्या फायलीत हातानं लिहावं लागायचं. हा स्क्रीन त्या स्क्रीनच्या ‘अबव्ह’ वगैरे. एक अवतरणचिन्ह विसरलं की मशीन सुरू झाल्यावर नुसता काळा पडदा. २००७ मध्ये चालू मशीनवरच स्क्रीन हलवायची सोय आली आणि ती पीडा हळूहळू टळली.

मी चौकोन ओढला. माउस वर जाऊ लागला. पण कडेकडेनं खाली यायला गेला की अडायचा, जणू अदृश्य भिंत. याचं कारण साधं आहे. वरची स्क्रीन १४४० रुंद, खालची १३६६. डाव्या कडा जुळवल्या तर उजवीकडे ७४ ठिपक्यांची पट्टी उरते, जिच्याखाली काहीच नाही. आमच्या आजोळी माळवदाचं घर होतं. माळवदावरून खाली यायचं तर साण्यातून, शिडीनं. साणं सोडून कुठेही पाय टाकला तर खाली माती, वाट नाही. तसंच हे.

मग आकडे घातले. लिनक्स डाव्या वरच्या कोपऱ्यापासून मोजतं आणि खाली खाली जात वाढतं. खजाना बावडीत पायऱ्या मोजत उतरावं तसं. वरची स्क्रीन शून्य-शून्यवर. लॅपटॉप ९०० खाली, आणि आडवा ३७, कारण ७४चं अर्धं ३७. आता दोन्ही बाजूंना ३७-३७चे काठ राहिले आणि लॅपटॉप बरोबर मधोमध आला. ३७ ठिपके म्हणजे करंगळीएवढंही नाही हो! पण पहिल्यांदा माउस नाकासमोर सरळ खाली उतरला तेव्हा मी आईला हाक मारून दाखवलं. आई म्हणाली, “बरं,” आणि कुकरकडे गेली.

एक गोची अजून होती. मिंटमध्ये मेनूची पट्टी मुख्य स्क्रीनच्या तळाला असते. एकच स्क्रीन असते तेव्हा माउस बेफिकीरपणे खाली फेकला तरी तो कडेला अडून पट्टीवरच थांबतो. माझ्याकडे मुख्य स्क्रीन वरची, म्हणजे पट्टी दोन मजल्यांच्या मधोमध. माउस फेकला की तो पट्टी ओलांडून थेट तळमजल्यावर. दोन-तीन दिवस हे सहन केलं, मग पट्टी उचलून वरच्या स्क्रीनच्या माथ्यावर नेऊन बसवली. आणि ती ‘न्यूमोड’ची ओळ मशीन बंद केलं की विसरली जाते, म्हणून तिला सुरुवातीलाच चालणाऱ्या प्रोग्रॅमांच्या यादीत टाकलं. एवढं झालं आणि मी स्वतःला इंजिनीअर समजायला लागले.

त्या आठवड्यात हातात जे काम होतं ते साधं नव्हतं. एका माहितीपटासाठी ऊसतोड बायकांच्या मुलाखती, त्यांचं बोलणं शब्दन्‌शब्द उतरवून द्यायचं. आमच्याच जिल्ह्यातल्या बायका. दसरा-दिवाळी झाली की नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ म्हणून मोजले जातात आणि उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात जातात. यातल्या काहींची गर्भाशयं काढलेली. २०१९ मध्ये या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, हे तुम्ही वाचलं असेल. वाचणं वेगळं आणि कानाला हेडफोन लावून एकेक वाक्य चार वेळा मागे घेऊन ऐकणं वेगळं. खाली लॅपटॉपवर व्हिडिओ, वर मोठ्या अक्षरात माझा मजकूर. मराठी लिनक्सवर नीट दिसतं का, असं मला अजून विचारतात. दिसतं. रेड हॅटचा लोहित नावाचा मोफत फाँट आहे, लोहित म्हणजे तांबडा, त्यात ‘कोऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ दोन्ही नीट उमटतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात तर लिनक्सचे मराठीतले पाठसुद्धा आहेत, माझी सुरुवात तिथूनच झाली.

फाइल सकाळी आठला द्यायची होती. रात्री पावणेदहाला लाइट गेली.

लॅपटॉपला बॅटरी असते, त्यामुळे खाली ती बाई बोलतच होती. वरची स्क्रीन काळी. आणि माझा दोन तासांचा मजकूर वरच्या खिडकीत. नवी फाइल उघडलेली, अजून नावसुद्धा न दिलेली.

तुम्ही म्हणाल, मॉनिटर बंद झाला की खिडक्या आपोआप खाली येतात. येतात, एरवी. पण माझा कन्व्हर्टर लॅपटॉपच्याच विजेवर चालतो. त्यामुळे लॅपटॉपच्या मते माडीवर सगळं आलबेल होतं. मी सवयीनं कंट्रोल-एस दाबलं. तर ‘नाव काय ठेवू’ असं विचारणारी चौकट उघडली असणार, तीही वरच, अंधारात. मी आंधळेपणानं नाव टाइप केलं. कीबोर्ड मराठीवर होता की इंग्रजीवर, देव जाणे. मोबाइलचा टॉर्च मारून पाहिला. (मॉनिटरमागचा दिवा तेवढा गेलेला असेल आणि वीज चालू असेल तर टॉर्चनं पुसट का होईना दिसतं. वीजच नसेल तर काय दिसणार, कप्पाळ?) बॅटरी ४१ टक्के. वायफायही गेलेलं. मशीन बंद करून चालू करावं असं मनात आलं आणि पोटात गोळा आला. त्या दोन तासांत जे उतरवलं होतं ते पुन्हा ऐकायची माझी तयारी नव्हती. खरं सांगते, कंटाळा म्हणून नाही.

दादानं तिसऱ्या रिंगला फोन उचलला.

“हात लावू नको कशाला. आधी एस्केप दाब. एकदाच.”

दाबलं.

“आता शिफ्ट आणि विंडोजचं बटण धरून ठेव, आणि खालचा बाण.”

माझा मजकूर माडीवरून खाली उतरला. अक्षरशः. व्हिडिओच्या समोर येऊन उभा राहिला, शेवटच्या ओळीत माझ्या आंधळ्या टायपिंगचा एक शब्दही न मिसळता. मी आधी सेव्ह केलं, मग रडले. दादा पलीकडून म्हणत होता, “अगं, झालं ना? झालं ना?”

मग त्यानं फोनवरच एक ओळ सांगितली. ‘एक्सरँडआर, आउटपुट एचडीएमआय-१, ऑफ.’ ही ओळ मी आता एका बटणाला बांधून ठेवलीय. लाइट गेली की ते दाबायचं, माडी बंद आणि सगळ्या खिडक्या तळमजल्यावर. लाइट आली की दुसरं बटण, माडी पुन्हा उघडी. शेजारी शेजारी मांडणाऱ्यांनीही हे करून ठेवायला हरकत नाही. आणि फाइल उघडल्या उघडल्या तिला नाव द्या. हे मी सांगतेय म्हणजे बघा.

रात्री साडेबाराला लाइट आली. अप्पा जागेच होते. पलंगावरून त्यांना लॅपटॉप दिसत नाही, कोनाडा मात्र बरोबर समोर येतो. मी मजकूर पुन्हा वर घेतला आणि तपासायला बसले. मागून आवाज आला.

“कॉपी नाही. कोपी.”

“काय?”

“ती बाई... कॉपी केली... म्हणत नाही.” एकेक शब्द मागे ओढून आणल्यासारखा. “कोपी. पाचटाची. फडावर... राहायला करतात ती.”

मी बघितलं. ‘रानात गेल्यावर आम्ही आधी कॉपी केली,’ असं मी उतरवलं होतं. मास कम्युनिकेशनची डिग्री, आणि बीडची मुलगी! दहा वर्षं पुण्यात राहिल्यावर कान कुठे जातात बघा. अप्पांचे विद्यार्थी दर वर्षी दिवाळीनंतर वर्गातून गायब व्हायचे आणि उन्हाळ्यात परत यायचे. त्यांना कोपी माहीत नसेल तर कुणाला?

त्या रात्री अप्पांनी अकरा चुका काढल्या. दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या, त्या मी मुद्दाम सोडल्या होत्या असं मी सांगितलं, त्यांना पटलं नाही. ‘वाढे’ मी ‘वडे’ लिहिलं होतं, त्यावर ते इतके हसले की आईला उठून यावं लागलं. झटक्यानंतर पहिल्यांदाच ते सलग दोन तास बोलत होते. स्पीच थेरपीच्या तक्त्यावरचे शब्द ते नेहमी कंटाळून अर्ध्यावर सोडतात.

सात पन्नासला फाइल पाठवली. सोबत लिहिलं की काही शब्द माझ्या वडिलांनी दुरुस्त केलेत, मी सध्या बीडला त्यांच्याजवळ आहे आणि पुढचे काही महिने इथेच असेन. मेल पाठवून फोन उलटा ठेवला. तासाभरानं उत्तर आलं. अजून सहा मुलाखती आहेत, वडिलांना वेळ असेल का, त्यांचे पैसे वेगळे धरू.

पुण्याहून आलेल्या मैत्रिणीनं परवा खोली बघून विचारलं, आता चांगला २७ इंची घेऊन टाक की, हा डबा कशाला? घेईन कदाचित. कोनाड्यात मावला तर. सध्या संध्याकाळी सात वाजले की अप्पा चष्मा लावतात, उशी उभी करून बसतात आणि डावा हात हलवून खूण करतात, “वर घे.”

मी शिफ्ट आणि विंडोजचं बटण धरते, आणि वरचा बाण.